भिंगाचं वळण

आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली तेव्हा तीन प्रश्न निघाले. पहिला पार्किंगचा, दुसरा कॉर्पस फंडाचा आणि तिसरा माझ्या लेन्सचा. पहिल्या दोन प्रश्नांवर अजून चर्चा चालू आहे. तिसरा आमच्या हिने एका संध्याकाळी निकालात काढला. स्वयंपाकघरातला स्टीलचा कडीचा डबा, ज्यात दिवाळीत चिवडा राहतो आणि एरवी काहीच राहत नाही, तो तिने माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "अहो, भाड्याच्या घरात तुमच्या भिंगांना हा एवढा डबा. बसतील तेवढी घ्या. बाकीच्यांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

मी बसवून पाहिलं. डब्यात तीन लेन्स बसत होत्या. माझ्याकडे अकरा होत्या.

डब्याची निवड मात्र तिने विचार करून केली होती. आपल्याकडे लेन्सचा खरा शत्रू चोर नाही, पावसाळा आहे. चार महिने हवेत ओल राहते आणि काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरायला लागतात. ही बुरशी. काचेवर जो पातळ थर चढवलेला असतो तो ती कुरतडते, आणि मग साफ केलं तरी डाग राहतो. चामड्याच्या सुबक केसमध्ये जिवापाड जपलेली लेन्स आधी जाते, कारण चामडं ओल धरून ठेवतं. त्यापेक्षा घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या हा उपाय बरा. या पुड्या मी वीस वर्षं बुटांच्या खोक्यांतून जमवतोय. आतले दाणे ओलसर झाले की तव्यावर शेकून पुन्हा कोरडे करतो. त्यासाठी आमच्याकडे तवा वेगळा आहे. तो वेगळा कसा झाला, हा प्रसंग मी इथे सांगत नाही.

अकरातून तीन. सोप्या होत्या त्या आधी काढल्या. कॅमेऱ्याबरोबर आलेली झूम भाच्याला दिली. फिशआय विकली. तिने काढलेल्या एका लग्नाच्या फोटोत आमच्या काकांचं पोट हॉलमध्ये आधी आणि काका नंतर आलेले दिसतात. त्यावरून दोन घरांत अबोला होता. मग १३५ मिलिमीटरची एक जुनी लेन्स. तिने कोकणातल्या एका ट्रंकेत तीन पावसाळे काढले होते. ती घेऊन मी मुंबईला फोर्टात, बोरा बाजारात गेलो. दुकानदाराने ती दिव्यासमोर धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "साहेब, आत जंगल आहे."

मी हार मानली नाही. त्याला डेनिस टेलर यांची गोष्ट सांगितली. १८९० च्या दशकात या इंग्रज भिंगकाराच्या लक्षात आलं की जुनी, काळवंडलेली काच नव्या लखलखीत काचेपेक्षा जास्त प्रकाश आत सोडते. हवेने काचेवर जो डागाळ थर धरला होता त्यामुळे काचेवरून परत फिरणारा प्रकाश कमी होत होता. म्हणजे डाग हा दोष नव्हता, गुण होता. पुढे १९३५ मध्ये त्साइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी असा थर मुद्दाम चढवायची रीत काढली, आणि आज क्वचितच एखादी लेन्स त्याशिवाय बाजारात येते. दुकानदाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी लेन्स माझ्या हातात परत ठेवत म्हणाला, "तो डाग वेगळा, साहेब. ही बुरशी."

उरल्या आठ. इथून पुढे खरा पेच. यातली एकही वाईट नव्हती, आणि प्रत्येक लेन्स जग वेगळं दाखवत होती. छायाचित्रकार याला लेन्सचं 'कॅरेक्टर' म्हणतात. या शब्दाला 'चारित्र्य' म्हणावं तर लेन्सची पोलीस चौकशी चालू आहे असं वाटतं. मला विचाराल तर आपल्याकडे याला फार नेमका शब्द आहे: वळण. अक्षराला वळण असतं. मुलांना वळण लावतात. शंभर जणांना तोच मजकूर लिहायला द्या, शंभर कागद वेगळे दिसतील. लेन्सचंही तसंच. समोरचा माणूस तोच, उजेड तोच, लिहिणारी भिंगं वेगळी.

आणि वळण नुसतं चांगलं नसतं. चांगलं वळण लावलेली मुलं पाहुण्यांसमोर शहाण्यासारखी बसतात आणि पाहुणे गेल्यावर त्यांच्याबद्दल कोणाला काही आठवत नाही. आजच्या लेन्स अशा आहेत. आत पंधरा-पंधरा भिंगं, एकाची चूक दुसरं सुधारतं, दुसऱ्याची तिसरं. फोटोच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळं स्वच्छ. दोष काढायला जागा नाही. माझ्याकडे अशी एक आहे, ५० मिलिमीटरची, नवी. तिचं नाव मला प्रत्येक वेळी खोक्यावर बघावं लागतं.

याउलट हेलिओस. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी सकाळी नळाच्या तोट्या आणि मिक्सरची भांडी यांच्यामध्ये ती पडलेली होती. हेलिओस ४४-२, ५८ मिलिमीटर, सोव्हिएत बनावटीची. झेनित कॅमेऱ्यांबरोबर या लेन्स लाखोंनी निघाल्या. विकणाऱ्याला ती दुर्बिणीचा तुकडा वाटत होती आणि मी त्याचा गैरसमज दूर केला नाही. हातात घेतली की कळतं, ही बनवणाऱ्याने लोखंडाची काटकसर केली नव्हती. खरं तर ती ॲल्युमिनियमची आहे, पण वागणूक लोखंडाची. पुढे प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करणारी दोन कडी. एक कडं आधी ठरवून ठेवायचं, दुसरं ऐन वेळी तिथवर फिरवायचं. डोळ्याला लावून दुसरं कडं फिरवायला विसरलं की फोटो पांढराफटक. सहा महिने मी फक्त पांढरेफटक फोटो काढले.

मग एकदा आईचा फोटो काढला. अंगणातल्या बुचाच्या झाडापुढे, भाजी निवडताना. लेन्स पूर्ण उघडी ठेवून. पाहतो तो आई शांत बसलेली आणि तिच्यामागे सगळं झाड गरगर फिरतंय. पानांमधून दिसणारे आभाळाचे ठिपके एकामागे एक वर्तुळात लागलेले, जणू तिच्याभोवती कोणी पाण्याचा भोवरा सोडलाय. याचं कारण सोपं आहे. लेन्सच्या मधून समोर बघितलं तर तिचं तोंड गोल दिसतं. कडेने बघितलं तर नळीच्या दोन्ही टोकांच्या कडा त्या गोलाचा घास घेतात आणि उरतं ते डोळ्याच्या आकाराचं. म्हणून फोटोच्या कडेला प्रकाशाचे ठिपके लांबट होतात, आणि ते सगळे मध्याभोवती फेर धरतात. त्यात या भिंगाची काठाला प्रतिमा वाकवायची खोड. मागे झाड हवं, ते जरा दूर हवं आणि पानांत छिद्रं हवीत. भिंत असेल तर हेलिओस अगदी सभ्य वागते.

हे वळण तिचं स्वतःचं नाही. जर्मनीतल्या येना गावी त्साइसची 'बायोटार' नावाची ५८ मिलिमीटरची लेन्स होती, तिच्यावरून ही बेतलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर येनाच्या कारखान्यातली सामग्री रशियात गेली, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात हे भिंग पुन्हा घासलं जाऊ लागलं, नाव बदललं, देश बदलला. पण आपल्याकडे म्हणतात ना, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. इथे तर पीळ फोटोत दिसतो. गाण्याच्या घराण्यात गुरूचं खाकरणंसुद्धा शिष्य तालात उचलतात, तसंच हे. सोनारवरून ज्युपिटर झाली, टेसारवरून इंडस्टार झाली आणि गुरूची गायकी खोडीसकट परक्या गावी चालू राहिली.

अशा धूसर पार्श्वभूमीला जगभर एक जपानी शब्द वापरतात: बोके. जपानीत तो धूसरपणाला वापरतात आणि भ्रमिष्टपणालाही, त्यामुळे माझ्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू आहेत. १९९७ मध्ये माइक जॉन्स्टन या अमेरिकी संपादकाने इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एक जादा अक्षर जोडलं, लोकांनी उच्चार नीट करावा म्हणून. मराठी माणसाला ही मदत लागत नाही. आपला उच्चार पहिल्यापासून बरोबर आहे, अर्थ तेवढा वेगळा. मी एकदा फोनवर मित्राला म्हणत होतो, "या लेन्सचे बोके फार सुंदर आहेत, कडेला त्यांचे डोळे लांबट होतात." आई आतून म्हणाली, "अरे, असतील सुंदर. पण घरात आणू नकोस. दूध ठेवायची सोय राहत नाही."

हेलिओस डब्यात गेली. पहिली जागा भरली.

इंडस्टारला मात्र मन घट्ट करून बाहेर ठेवलं. इंडस्टार-६१, तीही सोव्हिएत. हिची गंमत अशी की छिद्र ५.६ च्या आकड्याजवळ आणलं की तिच्या आतल्या पात्या मिळून चांदणीचा आकार करतात. मागे दिव्यांची माळ असेल तर प्रत्येक दिव्याची चांदणी होते. पहिल्या दिवाळीत सगळ्यांनी वा वा केली. दुसऱ्या दिवाळीत हसले. तिसऱ्या दिवाळीत मुलगी म्हणाली, "बाबा, चांदण्या नकोत, फोटो काढा." प्रत्येक लग्नात तोच विनोद सांगणारा एक मामा असतो. त्याच्यावर आपलं प्रेम असतं, पण त्याला आपण दोन वर्षं भाड्याच्या घरात नेत नाही.

दुसऱ्या जागेसाठी ताकुमार उभी होती. लेन्सची नावं ठेवण्यात बनवणाऱ्यांनी मोठी मौज केली आहे. लाइट्झ कंपनीचे माक्स बेरेक यांच्या एका लेन्सचं नाव 'हेक्टोर'. ते त्यांच्या कुत्र्याचं नाव होतं असं सांगतात. ताकुमार बनवणाऱ्या 'असाही ऑप्टिकल' कंपनीने त्या मानाने घरंदाज काम केलं. ताकुमार हे नाव संस्थापकाच्या चित्रकार भावाचं, ताकुमा काजिवारा यांचं. माझी सुपर-ताकुमार ५० मिलिमीटरची, १.४ ची. तिचे आटे हेलिओससारखेच ४२ मिलिमीटरचे, त्यामुळे कॅमेऱ्याला जोडायच्या एकाच रिंगवर दोघींचं भागतं. एका तव्यावर दोघींच्या पोळ्या, हा सलोखा घरात कुठे दिसत नाही.

ही घेतली तेव्हा काच चहासारखी पिवळी होती. ओळखीच्या एका जाणकाराने सांगितलं, यात थोरियम आहे. थोरियम मिसळलेली काच प्रकाशाला जोरात वळवते पण त्याचे रंग फार विखरू देत नाही, म्हणून त्या काळी काही चांगल्या भिंगांत ते घालत. त्याच्या किरणोत्सारामुळे काच वर्षानुवर्षं हळूहळू पिवळी पडते. उपाय काय? ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी ती पुन्हा निवळते. किरणोत्सार हा शब्द घरात उच्चारायचा नाही हे मला तेवढ्यात सुचलं. मी फक्त "ऊन दाखवायचंय" म्हणालो, आणि उन्हाळ्यात गच्चीवर ऊन दाखवायचं म्हणजे काय ते घरच्यांना पाठ होतं. आईने कुरडयांच्या धोतरावर एक कोपरा मोकळा करून दिला.

लेन्स कापडाला टेकू नये म्हणून मी ती दोन वाट्यांच्या काठांवर ठेवली. लहानपणी भिंगाने कागद जाळलेला माणूस मी, पण शास्त्र आठवायला धूर यावा लागला. धोतराला वाटाण्याएवढं भोक आणि एका कुरडईला खमंग वास. दुसऱ्या दिवसापासून खाली पोळ्यांची चंदेरी फॉइल घातली, म्हणजे खालून परतलेलं ऊनही कामाला येतं. कुरडया चार दिवसांत वाळल्या. ताकुमारला तीन आठवडे लागले. रोज संध्याकाळी आई कुरडया उचलताना तीही उलटून बघायची आणि म्हणायची, "अजून मधे ओली आहे."

काच निवळली, पण थोडी ऊब राहिलीच. ताकुमारने काढलेले चेहरे मला नेहमी दुपारी चारच्या उन्हात बसल्यासारखे वाटतात. ती पूर्ण उघडली की कातडी जराशी मऊ होते, माणूस दोन-तीन वर्षांनी लहान दिसतो. घरातल्या सर्व स्त्रियांनी तिला एकमुखाने डब्यात घातलं.

उरली एक जागा आणि दावेदार पाच. मी वळणावर व्याख्यान देत होतो तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, ओळखून दाखवा." तिने माझ्याच फोटोंपैकी दहा छापून आणले, मागे पेन्सिलीने लेन्सचं नाव लिहून. मी चष्मा पुसला, प्रत्येक फोटो लांब-जवळ धरला, एकदोनदा मानही हलवली. दहातले चार बरोबर आले. त्यातले दोन हेलिओसचे होते आणि मागे झाड फिरत होतं, म्हणजे ते आंधळ्यालाही आले असते. एका फोटोवर मी ताकुमारच्या उबेबद्दल पाच मिनिटं बोललो. तो त्या नव्या, निर्दोष लेन्सने काढलेला होता. दुपारी चार वाजता.

माझा बचाव इतकाच, की बहुतेक लेन्स ८ पर्यंत बारीक केल्या की एकसारख्या वागतात. वळण दिसतं ते पूर्ण उघडल्यावर. बचाव खरा आहे, पण तो निकालानंतर सुचला.

त्या दहा फोटोंत तिने एक अकरावा घुसवला होता, जुन्या अल्बममधला. तो मी एका सेकंदात ओळखला. चौकोनी, काळा-पांढरा, आमच्या वडिलांच्या आग्फा क्लिक थ्रीचा. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनलेला हा कॅमेरा त्या काळी कितीतरी मध्यमवर्गीय घरांत होता. १२० चा रोल, बारा फोटो, आणि बारावा संपेपर्यंत गणपतीपासून होळीपर्यंत कशाचीही वाट बघायची. भिंग अगदी साधं. मधे बऱ्यापैकी स्वच्छ, काठाला विरघळलेलं. याला म्हणतात वळण, मी म्हणालो, ज्ञानेंद्रियं अजून शाबूत आहेत.

मुलगी फोटोच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत होती. "या कोण?"

"माई काकू."

"आणि या फोटोत?"

तिथेही कोपऱ्यात माई काकू. आम्ही सगळा अल्बम उलटला. मधे आजोबा खुर्चीवर, दोन्ही बाजूंना मुलगे, जावई, मांडीवर नातवंडं, सगळे स्वच्छ, कोटाची बटणं मोजावीत. आणि काठाला, "अगं ये लवकर, उजेड चाललाय" म्हटल्यावर पदराला हात पुशीत शेवटी येऊन उभ्या राहिलेल्या बायका. माई काकू, ताई, धाकट्या वहिनी. एकीचाही चेहरा धड नाही. चष्मा होता की नव्हता हे कळत नाही. माई काकू जाऊन कितीतरी वर्षं झाली. तिचा चेहरा मला आठवायला गेलं की तो धूसरच आठवतो, आणि आजवर मी ते वयाच्या खात्यावर टाकत होतो.

आई म्हणाली, "तिच्या हनुवटीवर तीळ होता. छान दिसायचा." अल्बमच्या एकाही फोटोत तो नाही.

मी हेलिओसचा भोवरा ज्या काठावर मिरवत होतो, तो हाच काठ. लेन्सची खोड नेहमी काठाच्या पदरात पडते, मधल्या माणसाला तिची झळ लागत नाही. तिचं कौतुक करणारा सहसा मधे बसलेला असतो, नाहीतर कॅमेऱ्यामागे.

क्लिक थ्री आईच्या कपाटात, तिच्या पैठणीखाली गेला. त्याच्यातून लेन्स काढता येत नाही आणि डब्यात तो मावत नाही. डब्यातल्या तिसऱ्या जागेवर मी ती नवी, नाव न आठवणारी ५० मिलिमीटरची ठेवली. हिने विचारलं, "ही? हिला तर तुम्ही बिनचेहऱ्याची म्हणायचात." मी म्हटलं, "तिला चेहरा नसला तरी चालेल. इतरांचे येतात."

इमारत रिकामी करायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या बिऱ्हाडांचा एक फोटो काढायचं ठरलं. पार्किंगमध्ये, म्हणजे जिथून वाद सुरू झाला होता तिथेच. उजेड जवळजवळ गेलेला, त्यामुळे लेन्स बारीक करायची सोय नव्हती. कमिटीचे सदस्य सवयीने मधे बसले. मी नवी लेन्स लावली, कॅमेरा तिकाटण्यावर चढवला, माणसं मोजली. एक कमी. ही वर गॅस बंद करायला गेली होती. पदराला हात पुशीत आली आणि उजव्या काठाला उभी राहिली.

तो फोटो आता भाड्याच्या घराच्या भिंतीवर आहे. त्यात झाड फिरत नाही, ऊब नाही, चांदण्या नाहीत. मधे चेअरमन दिसतात. उजव्या काठाला ही आहे, आणि तिच्या कानातल्या कुड्यांचे मोती मोजता येतात. सात आहेत.